बापासाठी मागणी

गुबा, १२ ऑक्टोबर

लाडक्या वुगार,

तू, सूनबाई आणि लेकरं सुखरूप असाल. माझी तब्येत ठणठणीत आहे. सफरचंदं उतरवून झाली, एक पेटी तुमच्याकडच्या बसने धाडली आहे. फोनवर तुला हल्ली माझा आवाज नीट येत नाही, म्हणून लिहितो.

काम जोरात आहे. तुझी आई गालिच्यात विणायची ती नक्षी मी आता लाकडावर रंगवतो. काथवटी, लाटणी, मिठाचे डबे, पाळणे, लोक सांगतील ते. ती असताना मला मागाला हात लावू द्यायची नाही. "लाकूड तासणारे हात लोकरीला नकोत," म्हणायची. ती गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात घर फार गप्प झालं. तेव्हा तिची काथवट पुढ्यात घेतली आणि गालिच्यात बघून काठाला मेंढ्याची शिंगं काढली. शेजारचा आगाबाला अजून विचारतो, "शाहमार, बायकांसारखा डोक्याला रुमाल कधी बांधतोस?" विचारू दे. त्याच्याच सुनेने माझ्याकडे पाळणा सांगून ठेवलाय. माझ्याइतकी साफ रेघ गुब्यात कोणाची नाही, हे तोही जाणतो.

नक्षीतली चूक मात्र सनुबरने दाखवली. हो, तीच. उन्हाळ्यात तू आलास, ती तुझ्या आईच्या जागेवर बसलेली दिसली आणि तू गाडी तशीच मागे वळवलीस. विधवा आहे, जन्मभर गालिचे विणले आहेत. बाजारात माझं लाटणं उचलून म्हणाली, "अहो सुतार, ही कात्रीची नक्षी की मोडका चिमटा?"

"माझी बायको अशीच विणायची."

"ती विणत होती तेव्हा तुम्ही झोपा काढत होता वाटतं!"

वुगार, मी इतक्या मोठ्याने हसलो की आगाबाला समोरच्या त्याच्या दुकानाबाहेर आला. तुझी आई गेल्यापासून तसा हसलोच नव्हतो. घरी येऊन गालिचा नीट पाहिला. सनुबरचंच खरं होतं. तेव्हापासून ती मला नक्षी शिकवायला घरी येते.

मागच्या आठवड्यात तिला लग्नाचं विचारलं. ती ब्रश धूत होती, धूतच राहिली. मग म्हणाली, "रीतीने मागणी घाला. तुमच्या मुलाला पाठवा. तो आला तर चहात साखर घालून होकार देईन. त्याला डावलून त्या घरात नांदायला येणार नाही."

"आणि नाही आला तर?"

"तर नक्षी शिकवायला येत जाईन. पण बसेन दाराबाहेर."

आईचा गालिचा भिंतीवर आहे, तिथेच राहील. तू रविवारी ये. तुझ्यासाठी मागणी घालायला मी गेलो होतो तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी मला किती खोदून खोदून विचारलं होतं! सनुबरचा भाऊही तसाच आहे. विचारील, माणूस पितो का, हात उचलतो का, पहिल्या बायकोला कसं वागवायचा.

रीतीप्रमाणे मी तिथे नसेन. तू लहानपणापासून जे पाहिलंस, तेच सांग.

त्याबाबत निर्धास्त असलेला,
तुझा बाप
शाहमार