आईच्या गुडघ्यांच्या मापाच्या पायऱ्या

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर आहे. हे पत्र एकटीच वाच, आईला दाखवू नकोस.

इथल्या डोंगरी उद्यानात पायवाटेचं काम पुरं झालं. कड्यापर्यंत दोनशे दहा दगडी पायऱ्या बसवल्या. आईचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक पायरी अर्ध्या वितीचीच केली. मुकादम हसायचा, "अरे, कोंबड्या चढवायच्यात का?"

आईला पुढच्या महिन्यात आणायचं, आणि इथं राहायला दुसरी सोय नाही, म्हणून साहेबांकडे उद्यानाच्या अतिथिगृहातली एक खोली दोन दिवसांसाठी मागितली. भाडं देतो म्हणालो. सगळ्या खोल्या रिकाम्याच आहेत. साहेब म्हणाले, "कामगारांची माणसं पाहुण्यांत बसलेली बरी दिसत नाहीत." मी मान हलवून बाहेर आलो. भांडलो नाही, याचीच आता जास्त लाज वाटते.

काल साहेबांच्या सासूबाई आल्या. त्यांना वर न्यायला मलाच पाठवलं. कुठंही न थांबता चढल्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "पायऱ्या अगदी माझ्यासाठीच केल्यासारख्या आहेत रे! तुझी आई आली होती का इथं?"

मी म्हणालो, "तिला उंचीची भीती वाटते."

आईला तू थंडीचं कारण सांग. तिच्या गुडघ्यांना तेल लावतेस ना? प्रवासासाठी तिनं कापडी बूट घेतल्याचं तू लिहिलं होतंस. घातले नसतील, तर दुकानदार परत घेतो का, तेवढं विचारून बघ.

तुझाच,
धाकटा