खांब हलत नाहीये

११ फेब्रुवारी

आवाज बसलाय. सकाळपासून गरम पाणी पितेय, उपयोग शून्य.

काल खांब पडला. सहाव्या फेरीत, डाव्या हाताचा ठोसा कानशिलावर. रिंगमध्ये पाय रोवून उभा राहतो म्हणून खांब. खरं नाव मलाही आठवावं लागतं. आणि ‘खांब हलत नाहीये!’ हे माझं वाक्य. रेडिओसाठी मी ते ओरडले की पुढच्या रांगा उचलून धरतात आणि हॉल दणाणतो. रस्त्यात भाजीवालासुद्धा मला बघून तेच ओरडतो.

मेंदूत रक्तस्राव. लगेच ऑपरेशन झालं. मला काहीच वाटत नाहीये. भूक लागली, जेवले, भांडी घासली.

१२ फेब्रुवारी

हॉस्पिटलात गेले. खांबाची बायको बाकावर बसली होती, मांडीवर त्याचे बूट. मला बघून उठायला लागली – मला! म्हटलं, बसा हो.

“ताई, मी ऐकत होते. तुम्ही म्हणालात हलत नाहीये, म्हणून मी निवांत भाजी चिरत बसले.”

ती रागाने म्हणाली नाही. नुसतं सांगितलं. मी पाण्याची बाटली आणून दिली आणि निघाले.

१३ फेब्रुवारी

संपादकांना लेख हवाय. खांबाच्या कोपऱ्यात कोच म्हणून कोण होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे – माझे बाबा. माणूस मार खातोय असं दिसलं की कोचने टॉवेल टाकायचा, लढत थांबते. बाबांनी टाकला नाही. शेवटपर्यंत खांद्यावरच होता. मी तीन हातांवर बसले होते, बघितलंय.

“वडिलांना वाचवते आहेस असं वाटता कामा नये,” संपादक म्हणाले. “अकरा वर्षांचं नाव आहे तुझं.”

अकरा वर्षं! पेपरच्या क्रीडा विभागात मी बुद्धिबळाचे निकाल लिहायचे. एकदा रेडिओचे नेहमीचे समालोचक आजारी पडले आणि मला माइकपुढे बसवलं. बाईचा आवाज ठोशांना शोभत नाही, म्हणून पत्रं आली. बाबांनी ती तालमीच्या दारावर चिकटवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला हसत दाखवायचे. पाच वर्षांपूर्वी तर बॉक्सिंग संघटनेशी भांडून माझं टेबल त्यांच्या कोपऱ्याला लागून घेतलं. ‘लेकीचा आवाज ऐकत काम करायचंय.’ हे मी जगभर कौतुकाने सांगत फिरले.

लेख दोन तासांत लिहिला. हात कुठे अडला नाही, याचंच नवल वाटतं.

१४ फेब्रुवारी

छापून आला. मथळा त्यांचा – ‘खांद्यावरचा टॉवेल’.

१६ फेब्रुवारी

बाबांनी बोलावलं. तालमीच्या वरच्या खोलीत राहतात. टेबलावर पेपर घडी न मोडता ठेवलेला.

“वाच. माझा चष्मा कुठे गेलाय कोण जाणे.”

म्हटलं, नको. “लिहिताना लाज वाटली नाही, मग वाचायला कसली?” – हे हसत म्हणाले. मग वाचला. बसलेल्या आवाजात, सगळा. ‘कोपऱ्यातल्या माणसाने डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं’ हेही वाचलं. ते खाली मान घालून ऐकत होते.

“भाषा चांगली आहे,” म्हणाले. “घसा सांभाळ.”

एवढंच. का टाकला नाहीत टॉवेल, हे विचारलं तर माझ्यासाठी मिठाचं पाणी गरम करायला उठले. जिना उतरताना त्यांचा राग आला. सहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

१७ फेब्रुवारी

खांब शुद्धीवर आला. डॉक्टर म्हणाले – उजवी बाजू हलत नाहीये.

१९ फेब्रुवारी

ऑफिसात रेकॉर्डिंग ऐकलं. चित्रफीतही बघितली. सहाव्या फेरीत खांबाचा उजवा गुडघा वाकतो. स्पष्ट दिसतं. मग चार सेकंदांनी माझा आवाज – खांब हलत नाहीये! हॉल ओरडतो. आणखी नऊ सेकंदांनी तो ठोसा.

गुडघा मी तेव्हाही बघितला होता. हे कुणाला सांगितलेलं नाही. बघितला, आणि तोंडात बसलेलं वाक्य बाहेर पडलं. हॉल वाट बघत असतो ना त्याची!

पण माझ्या बोलण्याने काय होणार होतं? टॉवेल माझ्या खांद्यावर नव्हता. असं स्वतःला बजावत तीन वेळा फीत मागे घेतली.

२१ फेब्रुवारी

दुपारी तालमीत गेले. परवा संघटनेपुढे सुनावणी आहे, बाबांचं लायसन्स काढून घेणार असं बोललं जातंय. म्हटलं, दोघांनी एकदा नीट बोलावं.

ते एकटेच होते, ठोशांच्या पिशवीपाशी. मी दारात उभी राहिले. घसा दुखत होता म्हणून हाक मारली नाही. त्यांनी वळून बघितलं. सरळ माझ्या तोंडाकडे.

“कोण आहे?”

मी चार पावलांवर होते, उजेडात.

“कोण? बोल की!”

“मी आहे, बाबा.”

“हां. मग अशी मुक्यासारखी काय उभी?”

किती दिसतं, असं विचारलं. आधी उडवून लावलं. मग बाकावर बसले. “रंग दिसतात. लाल, निळा. माणूस दिसत नाही.” कधीपासून? “तुझं टेबल हलवलं ना, तेव्हापासून.” ठोसा कुठला बसला, पाय कसे पडताहेत – सगळं माझ्याकडून कळायचं. “तुझ्याइतकं नीट कुणी सांगत नाही. पाच वर्षांत एकदाही चुकलो नाही आपण.”

आपण!

“आणि सहाव्या फेरीत?”

“तू म्हणालीस, हलत नाहीये.”

दोष द्यायचा म्हणून म्हणाले नाहीत. किती वाजले सांगावं तसं म्हणाले. मग माझा हात चाचपून धरला. “सुनावणीत तू यातलं काही काढायचं नाहीस. माझं काय, झालंच आता. तुझं काम राहू दे.”

मी बरं म्हणाले. घरी आल्यावर खूप रडले.

२३ फेब्रुवारी

सुनावणी. बाबा म्हणाले – मला सगळं दिसत होतं, वाटलं सावरेल, चूक माझीच. अध्यक्षांनी लिहून घेतलं. मग विचारलं, तुम्ही शेजारीच होता, काही सांगायचंय? बाबांनी ‘नको’ म्हणून मान हलवली – मी बसले होते त्याच्या भलत्याच बाजूला बघत.

उभी राहिले. म्हटलं, त्यांना दिसत नाही. ते माझं ऐकत होते. गुडघा मी बघितला होता.