फक्कीच्या भिंतींचं शहर

लातूर,
एप्रिल २०१६

ती. शंकरप्पा मामा आणि ती. मामी,

बसूचा दोघांना शरणार्थ. इकडं सगळे बरे आहेत, म्हणजे तहानलेले आहेत, पण बरे आहेत. मामींचा गुडघा आता कसा आहे? हिमायतनगरला ऊन आमच्यापेक्षा जास्त आहे असं ऐकलं, तर मामा, दुपारी दुकानात बसत जाऊ नका. तसंही या वर्षी बियाणं न्यायला कोण येणार आहे (हा टोमणा नाही, काळजी आहे). पत्र बघून तुम्हाला नवल वाटलं असेल. मी फोन करून बघितला होता. पण मी "मामा, एक प्लॅन आहे" म्हटलं की तुम्ही "मुद्द्यावर ये" म्हणता, आणि मी मुद्द्यावर पोचेपर्यंत तुम्ही फोन ठेवलेला असतो. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममधलं, मराठी लिहायला बसलो की घाम फुटतो. तरी लिहून राहिलो, कारण तुम्हाला इंग्लिशमधून पत्र टाकलं तर आई मला घराबाहेर काढेल, आणि सध्या घराचाच तर सगळा घोळ आहे.

आमच्या ईश्वरअण्णाचं लग्न अडलंय हे तुम्हाला माहीत आहे. का अडलंय ते आईनं तुम्हाला नीट सांगितलं नसणार. झालं असं, की होळीनंतर आमच्या घरमालकांनी सगळ्या भाडेकरूंना खाली बोलावलं आणि सांगितलं, यापुढं खोली माणसांवर नाही, घागरींवर. आमच्या दोन खोल्यांत आई, अप्पा, आजोबा, अण्णा आणि मी. यात एक जरी माणूस वाढला तरी खोली खाली करायची. अप्पा म्हणाले, अहो, वाढणार ती सून आहे. तर मालक म्हणाले, "सून असो का कलेक्टर असो, आंघोळ करतीच ना?" अप्पा वर आले आणि घागरी मोजायला बसले.

मग अण्णा दुसरी खोली शोधायला लागला. मामा, इथं खरी गंमत आहे, आणि ती मला अजून सुटलेली नाही. ट्युशनची पोरं पाण्यापायी आपापल्या गावाला निघून गेलीत, त्यामुळं गल्लीगल्लीत "खोली भाड्याने देणे आहे" अशा पाट्या लागल्यात. म्हणजे खोल्या आहेत. पण पाटीखाली मालक उभा असतो आणि विचारतो, किती माणसं? दोन म्हटलं की विचारतो, लग्न झालंय का? होणार आहे म्हटलं की म्हणतो, मग तुम्ही काय दोनावर थांबणार न्हाई. निलंग्याचं एक स्थळ घर बघायला आलं होतं, ते लोक आमच्या दोन खोल्या बघून चहा अर्धा टाकून उठले. (दुष्काळात अर्धा चहा टाकणं म्हणजे किती कडक मत झालं ते तुम्हीच बघा.) अण्णा दालमिलमधून येतो, जेवतो आणि भिंतीकडं तोंड करून झोपतो. तो आधीही फार बोलत नव्हता, पण आता त्याचं न बोलणं सगळ्या घराला ऐकू येतं.

आता कुणीही म्हणेल, अशा वेळी एक खोली शोधावी. सगळं घर तेच करून राहिलं होतं. पण मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला वाटलं, एका खोलीनं एका अण्णाचा प्रश्न सुटेल, बाकीच्या अण्णांचं काय? त्यापेक्षा नवीन शहरच वसवलं तर? नीट आखलेलं, रुंद रस्त्यांचं, शेतकऱ्यापासून मास्तरापर्यंत सगळ्यांना परवडेल असं. त्यात सध्या नवीन जिल्ह्याची हवा आहे. उदगीरवाले म्हणतात जिल्हा आमचाच, आणि चाकूरच्या पानटपरीवर तर कलेक्टर ऑफिसची जागासुद्धा ठरलेली आहे (टपरीला लागून). जिल्हा झाला की ऑफिसं येणार, ऑफिसांमागून माणसं येणार, आणि ती सगळी जुन्याच खोल्यांत घुसणार. मग शहर आधी आणि जिल्हा मागून, असं का नको? मी रात्रंदिवस नकाशे काढले. आईनं एक नकाशा ज्वारीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवला. कॉलेजच्या सरांनी बाकीचे बघितले आणि म्हणाले, छान आहे, पण यात माणूस कुठंय?

हे वाक्य मला लागलं. म्हणून मी किल्लारीकडं जाऊन आलो. भूकंपानंतर नवीन आखून बसवलेलं गाव, म्हणजे आपल्या भागातला आयता धडा. एका आजींच्या ओट्यावर बसलो आणि विचारलं, नवीन गाव कसं वाटतं. त्या म्हणाल्या, "घर चांगलं हाय बाबा. जुन्या गावात भाजीत मीठ कमी पडलं तर बसल्या जागी हाक मारायचे. इथं मिठासाठी चप्पल घालावी लागती." मी हे वहीत लिहून घेतलं. परत येताना जीपमध्ये मला वाटलं, हे कागदावर कधीच कळणार नाही. हाक कुठपर्यंत जाते हे बघायचं असेल तर शहर खऱ्या मापानंच काढलं पाहिजे.

त्याला मोठी रिकामी जागा लागते. कॉलेजचं मैदान क्रिकेटवाले देईनात. मग मी चाकूरला गेलो आणि एका पडीक शेतात, मैदानावर रेषा मारतात त्या पांढऱ्या फक्कीनं, शहर आखायला घेतलं. (शेत तुमचं. मामा, पत्र ठेवू नका, पुढं वाचा. या वर्षी तुम्ही पेरलं नव्हतंच, आणि फक्कीनं जमिनीला काही होत नाही, मी विचारून घेतलंय.) लाखभर माणसांचं शहर होतं, पण तुमच्या शेतात त्यातला फक्त सेक्टर चार मावला. तरी काय सुंदर दिसत होतं. साठ फुटी रस्ता, रस्त्याच्या शेवटी गोल चौक, दोन्ही बाजूंनी घरं, प्रत्येक घराला दोन खोल्या, मोरी, दार. शेजारच्या शेतातले अण्णाराव बांधावर येऊन बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, "कबड्डी का?" मी म्हटलं, शहर आहे. ते म्हणाले, "हाव. मग ह्यात आउट कोण होतंय?"

मी गावात सांगून आलो की उद्या दुपारी ज्याला हवं त्यानं येऊन आपल्या नव्या घरात बसून बघावं. दुष्काळात कुणाला काय काम, अर्धं गाव आलं. मी चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. मामा, माझी चार वर्षांची डिग्री त्या दुपारी घामासारखी वाळली. दोन भावांची घरं शेजारी निघाली, तर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? मधली भिंत पायानं पुसली. दोन दुसरे भाऊ समोरासमोर आले, तर त्यातल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, मला दुसऱ्या सेक्टरला टाक. मी म्हटलं, दुसरा सेक्टर अजून नाही. तो म्हणाला, होईपर्यंत मी बाहेर उभा राहतो. आणि राहिला. थोड्या वेळानं तर सगळे उठून लिंबाच्या झाडाखाली जाऊन दाटीनं बसले. झाडाखाली माझ्या नकाशात दवाखाना होता. म्हणजे बघा, घरं सगळी रिकामी, रस्ता रिकामा, आणि दवाखान्यात घरटंचाई. मी त्यांना म्हटलं, अहो, आपापल्या घरी जा. तर अण्णाराव म्हणाले, "घरीच हाय की आम्ही. तू ऊन खाऊन राहिलास, तू ये घरी."

नापास झालो असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी टँकर आला. शेषेराव म्हणून ड्रायव्हर आहे, त्याला रोज गावातल्या बोळात टँकर रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि रोज कुणाचा तरी ओटा जातो नाहीतर शिवी येते. त्यानं रस्त्यावरून माझा चौक बघितला, टँकर थेट सेक्टर चारमध्ये घातला, गोल फिरवला आणि तिथंच उभा केला. खाली उतरून मला म्हणाला, "भैय्या, कोणत्या इंजिनियरनं काढलंय हे? पहिल्यांदा कुणीतरी टँकरचा विचार केलाय." मी टँकरचा विचार केला नव्हता. तो चौक मी कारंज्यासाठी काढला होता.

तेव्हापासून टँकर रोज तिथंच येतो. बायकांना रांगेत नंबर धरायचा असतो, म्हणून त्या सकाळीच येऊन एकेका फक्कीच्या घरात घागर ठेवून जातात. आधी घागर, मग घागर हलू नये म्हणून दगड, मग दगडाशेजारी सावलीला चार काठ्या आणि पोतं. एकानं चहाचा स्टोव्ह मांडला (माझ्या नकाशातल्या पोस्ट ऑफिसमध्ये). ज्यांनी चिठ्ठीतलं घर सोडलं होतं ते आता "माझं चिठ्ठीतलं घर कुठंय" म्हणून मला विचारतात. मी इतके दिवस विचार करून राहिलो की लोकांना नवीन शहरात आणायचं कसं. त्यांना आणायला काहीच लागलं नाही, पाण्याचा टँकर वळायला जागा लागली.

आता मामा, मुख्य गोष्ट. उदगीरचे बसलिंगप्पा, कापडवाले, त्यांची मुलगी महानंदा. अण्णानं तिला एका लग्नात बघितलंय आणि त्या दिवशी तो घरी येऊन जेवताना बोलला होता (भाजी चांगली झालीय म्हणाला), त्यावरून आईनं ओळखलं. बसलिंगप्पांचा निरोप आला, घर बघायला येतो. आईनं आमच्या दोन खोल्यांकडं एकदा बघितलं आणि निरोप उलटा पाठवला, घर चाकूरला बघा. उदगीरहून लातूरला यायला चाकूर काही सरळ वाटेवर नाही. आईनं ते वाटेवर आणलं.

मला वाटलं होतं आई त्यांना सगळं समजावून सांगेल. आईनं कोपऱ्यावरच्या फक्कीच्या घरापुढं सडा टाकला (टँकरचं पाणी, मी काही बोललो नाही), आत सतरंजी अंथरली आणि दारात उभी राहून म्हणाली, या. बसलिंगप्पांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा रेषेकडं, आणि मामा, खोटं सांगत नाही, त्यांनी उंबऱ्याबाहेर चप्पल काढली. त्यांच्या पत्नी शांतम्मा आतून फिरून बघत होत्या. बाहेरच्या खोलीतून त्या सरळ स्वयंपाकघरात निघाल्या, तर आई म्हणाली, "अहो वहिनी, तिथं भिंत हाय." शांतम्मा थांबल्या, मागं वळल्या आणि दारानं आल्या. म्हणाल्या, "लिंगपूजेला जागा कुठंय?" आईनं दाखवली. "तोंड कुणीकडं?" पूर्वेला. "मोरी दारासमोर नको." मी पटकन पायानं मोरी पुसली आणि मागच्या बाजूला काढली. बांधकामात एवढा स्वस्त बदल मी अजून पाहिलेला नाही. अण्णा कोपऱ्यात उभा होता, आणि इतका भिंतीला टेकल्यासारखा उभा होता की तिथं भिंत नाही हे मीच विसरलो.

बसलिंगप्पा सतरंजीवर बसले. मग म्हणाले, "सगळं ठीक हाय. पाण्याचं काय?" आई काही बोलायच्या आत शेषेरावचा टँकर धुरळा उडवत आला, चौकात गोल फिरला आणि बरोबर आमच्या दारापुढं थांबला. (हे ठरवलेलं नव्हतं. आईला विचारलं तर ती उत्तर देत नाही.) बसलिंगप्पा उठले, टँकरला हात लावून बघितला आणि चहा मागितला. पूर्ण प्यायले. जाताना अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगी देतो. जागा मला पसंत हाय. पण पुढच्या महिन्यात मी तिला घेऊन येणार, तेव्हा भिंती उभ्या पाहिजेत. आमची पोरगी फक्कीत नांदणार न्हाई." त्या दिवसापासून अण्णा झोपताना भिंतीकडं तोंड करत नाही.

तर मामा, माझा मूळ प्रश्न असा होता की नवीन शहरं वसवून घरांची टंचाई जाईल का. मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं जाईल. कधी वाटतं आपण घरं मोजतो आणि माणूस सावली, शेजार आणि टँकर मोजतो. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही नांदेडला कॉलेजात असताना खोली बदलत बदलत राहिला होता असं आई सांगते, तुमचा अनुभव मला उपयोगी पडेल. वेळ मिळेल तसं सविस्तर लिहा.

मामींना आणि तुम्हाला पुन्हा शरणार्थ करून थांबतो.

तुमचा (हे पत्र वाचूनही) भाचा,
बसवराज

ता. क. – वर एक लिहायचं राहिलं. बसलिंगप्पांना पसंत पडलेली जागा तुमच्या शेतात आहे, आणि ते शेत तुमचं आहे हे आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही. कोपऱ्यावरचे दोन गुंठे अण्णाला मिळाले तर बरं होईल. नगररचनेच्या दृष्टीनंही कोपरा आधी बांधणं योग्य असतं.

ता. क. २ – तुम्ही रागानं बघायला येणार असाल तर एक कल्पना असू द्या. लोकांनी चौकात पाटी लावलीय, "शंकरनगर". तुम्ही दिसलात की हार घालायचं ठरलंय. हार घातल्यावर काय ओरडायचं ते आधी ठरवून या.

ता. क. ३ – आईनं पत्र वाचलं. म्हणाली, एवढ्यात तर घर झालं असतं. खालचं तिनं स्वतः लिहिलंय, ते माझं समजू नये.

शंकर, पोराचं सगळं वाचत बसू नको. रविवारी जेवायला ये, पाणी भरून ठेवते. ईश्वरला खोली बांधायला चाकूरचे दोन गुंठे दे. आपले बाबा गेल्यावर त्या शेतातला माझा हिस्सा मी तुझ्या नावानं सोडला, तेव्हा हक्कसोडीवर सही करताना तुला काही विचारलं नव्हतं. तूबी आता काही विचारू नको.
– अक्का