चौकशीचा माणूस

निमगाव सावा,
ता. ३ नोव्हेंबर

चि. हर्षालीस, सयाजीतात्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. परिषद संपेपर्यंत तुम्हा दुभाष्यांचे मोबाईल जमा करून घेतलेत हे वाचून तुझी प्रयागकाकू म्हणाली, बरंच झालं, पोरगी पत्र तरी लिहील. तुझी आई गव्हाच्या पेरणीत गुंतलीय. मळ्यात वनखात्यानं बिबट्यासाठी पिंजरा लावलाय, त्यामुळं पाणी भरायला एकटं कुणी जात नाही. बाकी क्षेम.

लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा गावात एक माणूस आला. कांद्याचा व्यापारी म्हणवत होता. आपल्या कांदाचाळीत शिरला, इकडंतिकडं पाहिलं, पण एक कांदा हातात घेऊन दाबून बघितला नाही. व्यापारी असं करत न्हाई. पायात पॉलिशचे बूट होते. मग ओट्यावर बसून तुझी विचारपूस करायला लागला. रशियन भाषा कुठं शिकली, मॉस्कोला किती दिवस होती, तिथून कुणाची पत्रं येतात का. मला आधी वाटलं, स्थळाकडचा असेल. तुझ्या काकूनं त्याच समजुतीनं पोहे केले. पण स्थळाकडचा माणूस आधी पगार विचारतो, आणि यानं पगाराचं नावही काढलं नाही.

मी नारायणगाव स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून हयात घालवली आहे. कोण गाडीसाठी उभा आहे आणि कोण दुसऱ्यावर नजर ठेवायला उभा आहे, ते मला कळतं. हा दुसऱ्यातला. तू तिकडं कुणाच्या अध्यातमध्यात पडलीस का? वडील गेल्यापासून तुझी काळजी माझ्या गळ्यात आहे, तेव्हा खरं काय ते कळव.

लोभ आहेच. तुझ्या पाकिटाचा डिंक मला दोनदा लावल्यासारखा वाटला, यापुढं जास्तीचा लाव.

तुझा,
तात्या


नवी दिल्ली,
ता. ८ नोव्हेंबर

ती. तात्यांस, हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं. काकूला सांगा, पोहे वाया गेले नाहीत, बहुतेक आमच्याच कामासाठी आलेला माणूस असणार. पोलिसांची चौकशी उन्हाळ्यातच झाली होती, पण इथलं वातावरण आता असं आहे की एकदा चाळून झालेलं पुन्हा चाळतात.

तुम्हाला समजेल असं सांगते. पाहुण्या देशांमधले दोन गट युद्धावरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. परिषदेच्या शेवटी सगळ्यांनी मिळून एक निवेदन काढायचं असतं. एक गट म्हणतो, त्यात ‘आक्रमण’ हा शब्द हवा. दुसरा म्हणतो, तो शब्द असेल तर आम्ही सही न करता विमानात बसू. आपण यजमान. आपलं दोघांशीही जमतं, म्हणून दोघांनाही आपला संशय. एकाशी जरा जास्त वेळ बोललो की दुसरा घड्याळाकडे बघतो. आमचे मुख्य साहेब दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जातात आणि दोन्हीकडे सारखंच हसतात. मी रशियनसाठी त्यांच्याबरोबर असते, आणि आपल्या जुन्नरच्या बेकरीवाल्या इब्राहिमचाचांची रुमाना फ्रेंचसाठी. आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या, म्हणून खोलीही एकच मागून घेतली, ते मागच्या पत्रात लिहिलंच होतं.

आता वाईट बातमी. साहेबांनी मधला मार्ग म्हणून त्या परिच्छेदाचा एक मसुदा केला होता. तो कुणाला दाखवायचा नव्हता. परवा संध्याकाळी ते पान दोन्ही गटांच्या हाती लागलं. काल आम्हा सगळ्यांना एकेक करून आत बोलावलं. मला विचारलं, त्या संध्याकाळी रुमाना खोलीत होती का. नव्हती. ती खाली पहाऱ्यातल्या फोनवरून घरी बोलायला गेली होती. मी म्हटलं, ती बाहेर होती, कुठे ते मला माहीत नाही. तिनं मला सांगितलं होतं तरी मी असं का म्हटलं, ते माझं मलाच कळलं नाही. बहुधा वाटलं, मी पाहिलं नाही ते कशाला सांगा. रात्री तिची बॅग खुर्चीवर उघडी होती. मी पाण्याला उठले आणि बॅगेत डोकावले. आत दुपट्टा आणि डोकेदुखीच्या गोळ्या. कधीपासून असं वागायला लागले मी?

आईला यातलं काही सांगू नका. लोभ असू द्यावा, आणि तो माणूस पुन्हा आला तर कमी बोलावं.

आपली,
हर्षाली


निमगाव सावा,
ता. १० नोव्हेंबर

चि. हर्षालीस, अ. उ. आ.

तुझं उत्तर अजून नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहितो. तो बुटवाला काल परत आला. या खेपेला कांद्याचं सोंग नव्हतं. सरकारी कामाचा आहे एवढंच म्हणाला, ओळखपत्र असं दाखवलं की त्यावरचा फोटोसुद्धा दिसू नये. त्याचं सगळं तुझ्यावरच येत होतं. मॉस्कोतली तुझी मैत्रीण कोण, तिचा नवरा काय करतो. मला घाम फुटला. लिहून घेत होता ना तो.

मग मी डोकं चालवलं. त्याला म्हटलं, साहेब, आमच्या पोरीचं सगळं उघड्यावर आहे. तुमी जुन्नरला जा. तिच्याच खोलीत ती बेकरीवाल्याची पोरगी आहे, तिचा भाऊ शाहनवाज आखातात असतो, काय करतो, कुणाकडं असतो, आमच्यातल्या कुणालाच ठाऊक न्हाई. एवढं बोललो मात्र, त्याची पेन्सिल थांबली आणि मग जी चालली ती चाललीच. तुझं नाव नंतर निघालंच नाही. चहा पिऊन सरळ जुन्नरच्या रस्त्याला लागला.

कुणाचं वाईट करायचा माझा हेतू नाही. त्यांचं काही नसेल तर त्यांना कसली भीती? पण तू त्या रुमानाशी जरा अंतर ठेवून राहा. माणूस आतून कसा आहे ते खोली एक असली म्हणून कळत नाही.

काकूचा आशीर्वाद. लोभ वाढता राहो, आणि झोप घेत जा.

तुझा,
तात्या


नवी दिल्ली,
ता. १३ नोव्हेंबर

ती. तात्यांस, शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. काल रुमानाला घरी पाठवलं. कारण सांगितलं नाही. दोन बायका आल्या, तिला बॅग भरायला लावली, भरताना तिचा प्रत्येक कपडा झटकून पाहिला. मी तिथंच उभी होते. जाताना तिनं आपला टॉवेल दोरीवरून काढला आणि माझा खाली पडला तो उचलून परत टाकला.

तुम्ही एकदा जुन्नरला जाल का? बेकरीत जाऊन इब्राहिमचाचांना भेटा, म्हणावं काहीतरी गैरसमज झालाय. तुमचं ते ऐकतील. तुमचा तिथं मान आहे.

आपली,
हर्षाली


नवी दिल्ली,
ता. १४ नोव्हेंबर

तात्या,

तुमचं दहा तारखेचं पत्र आज मिळालं.

शाहनवाजभाई दोह्याच्या एका हॉटेलात पाव भाजतो. हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या ईदला तो आला तेव्हा त्यानं काकूसाठी खजूर आणला होता, आणि तुम्ही त्याच्याशी तिथल्या बसगाड्यांबद्दल तासभर बोलत बसला होतात.

मी काय लिहू?

हर्षाली


नवी दिल्ली,
ता. १८ नोव्हेंबर

ती. तात्यांस, न. वि. वि.

परिषद संपली. निवेदनावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. ‘आक्रमण’ हा शब्द नाही. ‘युद्धामुळे माणसांचे झालेले हाल’ असं आहे. दोन्ही गट आपापल्या पत्रकारांना सांगत होते की आमचंच म्हणणं राहिलं.

पुढचं मी लिहायला नको. दुभाष्यानं ऐकलेलं तिथंच सोडून यायचं असतं. तरी लिहिते, कारण तुम्हाला कळायला हवं.

सह्यांनंतर चहा होता. रशियन बोलणारे एक वयस्कर पाहुणे आमच्या साहेबांपाशी आले, मी मध्ये उभी. ते म्हणाले, झेरॉक्सच्या यंत्रावर तुमचं ते पान राहिलं नसतं तर आम्ही अजून भांडत बसलो असतो. पलीकडच्या मंडळींनाही त्यांच्या खोलीजवळच सापडलं म्हणे. मी मराठी घरातली मुलगी, साहेबांना ते हिंदीत सांगितलं. साहेब हसून म्हणाले, आमचं घर मोठं आहे, कागद कुठेही राहतात. हे मी रशियनमध्ये सांगितलं. दोघंही हसले. माझ्याच तोंडून दोन्हीकडचं गेलं, आणि ते जाता जाता मला कळलं. पान कुणीच चोरलं नव्हतं, आपणच ते मुद्दाम तिथं सोडलं होतं. आपण उघड मांडलं असतं तर कुणीतरी नकार दिला असता आणि तो दप्तरी लागला असता. चोरून मिळालेलं पान मात्र दोघांनीही नीट वाचलं.

पाहुणे गेल्यावर मी साहेबांना विचारलं, मग रुमाना? ते चिडले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, चोर शोधलाच नसता तर चोरी झाली हे कुणी मानलं असतं? तिच्यावर ठपका नाही, घरगुती कारणासाठी मोकळं केलं असंच लिहिलंय. मी विचारलं, पण तीच का? ते म्हणाले, त्याच सुमारास तुमच्याच तालुक्यातून तिच्या भावाबद्दल शेरा आला होता. आम्हाला सोपं गेलं.

तात्या, मला तुमचा राग येतो, आणि मग माझं मलाच ते वाक्य आठवतं: बाहेर होती, कुठे ते मला माहीत नाही. तुम्ही मला वाचवायला बोललात. मी कुणाला वाचवायला बोलले? आज मी लेखी देऊन आले की त्या संध्याकाळी रुमाना खाली फोनवर होती, तसं तिनं फोनला जाताना मला सांगितलं होतं, आणि मी ते आधी दडवलं. तिथला कारकून म्हणाला, मॅडम, आता याची गरज नाही. मी म्हटलं, शिक्का मारून पोच द्या. गोव्याच्या पुढच्या बैठकीच्या दुभाष्यांमध्ये माझं नाव होतं, ते संध्याकाळी निघालं.

तुम्ही जुन्नरला जा. गैरसमज झाला असं सांगायला नाही, तुम्ही काय बोललात ते सांगायला. बाजारच्या दिवशी, चार माणसांत.

काकूला आणि आईला नमस्कार. लोभ आहे, म्हणूनच इतकं लिहिलं.

हर्षाली


जुन्नर,
ता. २५ नोव्हेंबर

प्रिय हर्षाली, सलाम.

तुझा नंबर फोनमध्ये आहे, तरी हे कागदावर लिहिते. फोनवर तू लगेच रडशील आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागेल.

परवा रविवारी तात्या आले. दुकानात बाजारची गर्दी होती. एरवी गेले काही दिवस ती कमीच असते. तो बुटवाला आमच्या गल्लीत घरोघरी विचारत फिरला, तेव्हापासून लोक खारी घ्यायला येतात आणि माझ्याकडे बघून घेतात. शाळेनं पोरांच्या पावाचा रतीब बंद केला. हेडमास्तर म्हणाले, चौकशी मिटू द्या. कसली चौकशी, हे त्यांना माहीत नाही आणि आम्हालाही नव्हतं.

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि काउंटरपाशी उभे राहून सगळं सांगितलं. आवाज लहान केला नाही. दोघं-तिघं गिऱ्हाईक पाव घेऊन निघाले होते, तेही थांबले. अब्बा तागडीत टोस्ट टाकत होते, ते टाकतच राहिले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, सयाजीराव, शाहनवाज काय करतो ते तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का? तात्या म्हणाले, माहीत होतं. अब्बा म्हणाले, मग हे मला सांगून काय उपयोग, मला तर माहीतच आहे. हेडमास्तरांना सांगा.

तात्या गेले. पायीच गेले, आणि आमच्या गल्लीत ज्या ज्या घरी तो माणूस बसला होता तिथंही गेले. एका घरी त्यांना उंबऱ्यावरच उभं ठेवलं, तिथंही सांगितलं. शाळेचा पाव काल सुरू झाला. अब्बांनी तात्यांना चहा दिला, पण शेजारी बसले नाहीत. मी आज तुला सांगू शकत नाही की ते पुढे बसतील.

दिल्लीहून मला फोन आला. बाई फार गोड बोलत होती. गोव्याला या म्हणाली. मी म्हटलं, मला परत का पाठवलं होतं ते लेखी द्या. ती म्हणाली, तुमच्याविरुद्ध काही झालंच नाही, मग काय लिहायचं? मी म्हटलं, काही झालं नाही एवढंच लिहा. तेही जमणार नाही म्हणाली. मी नाही जात. पुण्यात एका संस्थेत फ्रेंच शिकवायचं काम मिळतंय, ते धरीन. तू लेखी दिलंस हे त्याच बाईकडून कळलं. आधी मला वाटलं, हाही एखादा डाव असेल.

हे तुला मुद्दाम सांगते. माझं आता असं झालंय. दुकानात नवं माणूस आलं की मी त्याच्या बुटांकडे बघते. अम्मी कुणाशी फोनवर बोलत असली की दाराशी थांबते. शाहनवाजभाईला विचारलं, तुझ्याबरोबर खोलीत कोण कोण राहतं. तो हसला, मग त्यानं फोन ठेवला. ज्यांनी हे माझ्यात घातलं, त्यांचं काम झालं आणि ते आपापल्या घरी गेले. आणि त्या रात्री मी जागी होते, हर्षाली. तू बॅगेत पाहिलंस ते मला दिसलं होतं. मी डोळे मिटून घेतले, कारण माझ्या मनात आलं, हिला कुणी सांगितलं असेल का बघायला.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. निमगावला जायच्या आधी इथं ये, आणि राहायला ये. माझ्या खोलीत दुसरी गादी घालीन. आपल्याला एका खोलीत झोप लागते का ते बघू. नाही लागली तर तसं सकाळी एकमेकींना सांगू. पत्रात मला तुझा चेहरा दिसत नाही, आणि सध्या चेहरा दिसल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही.

लोभ किती उरलाय ते तू आल्यावर कळेल.

तुझी,
रुमाना