चाकामागची वीट

उधना, सुरत
६ एप्रिल २०२६

प्रिय सोनाली,

अनेक आशीर्वाद. पाहुण्यांना नमस्कार सांग, छकुलीचा एक पापा घे.

पाकिटावर नाव तुझं असलं, तरी हे पत्र आपल्या दोघींसाठी आहे. ज्या घरात जन्मभर एकच वाक्य ऐकून मोठ्या झालो, त्या घरातल्या दोन मुलींसाठी. "त्याले करू दे, तो पोऱ्या शे." त्याने रेडिओ उघडला, घर मुकं झालं, तरी करू दे. त्याने पाण्याची मोटर जाळली, आपण दोघींनी हंडे वाहिले, तरी करू दे. आता त्या पोऱ्याचे केस पांढरे व्हायला लागलेत आणि त्याने घरीच मोटारगाडी बनवली आहे.

इकडे सगळं ठीक. माझ्या शाळेत परीक्षा चालू आहेत. आई बरी आहे, सध्या घरातच असते. फोनवर हे बोलता येत नाही, कारण माझा फोन वाजला की आई कान देऊन बसते आणि तुझ्याकडे फोन स्पीकरवर लावायची पद्धत आहे. लोटूकाका उद्या तुमच्या साक्रीला निघालेत, त्यांच्या हाती पत्र देते.

तर गाडी. तू फोटो पाहिलेस. लाल रंग, चकचकीत आरसे, पुढे लिंबू-मिरची. गल्लीतले लोक येऊन "कुंदनभाई, जोरदार" म्हणतात आणि आपला भाऊ कारखान्यातून आलेल्या अंगाने, हाताचं ग्रीस पुसत, लग्नातल्या नवरदेवासारखा उभा राहतो. वाहवा करणाऱ्यांपैकी एकानेही खाली वाकून पाहिलं नाही. मी पाहिलं. मोटारदुरुस्तीचं एक पुस्तक आणून वाचलं, मग साडी खोचून फोनच्या उजेडात गाडीखाली शिरले.

भंगारातून आणलेला सांगाडा त्याने मधून कापून आखूड केला. साहजिकच हँडब्रेकची केबल लांब पडली, गाडीखाली दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबायला लागली. अशा वेळी तार आणि तिच्यावरची नळी, दोन्ही टोकाकडून मापाने कापायच्या आणि तारेच्या टोकाला नवी घुंडी बसवायची. एवढंच काम. पण कुंदन यंत्रमागाचा माणूस. सूत तुटलं की मध्येच गाठ मारायची आणि माग पुढे चालवायचा, हे त्याच्या बोटांत भिनलेलं. त्याने दोन्ही टोकं "कंपनीची आहेत" म्हणून देवासारखी जपली, केबल पोटात कापली, तारेचे दोन तुकडे एकमेकांवर चढवून क्लिपांनी आवळले आणि आपण इंजिनियर झालो असं समजला.

सुताची गाठ मागाच्या फणीतून निघून जाते. तारेची गाठ नळीच्या तोंडाशी येऊन अडते. त्यामुळे आत बसलेल्याला हँडब्रेकचा दांडा घट्ट लागतो आणि मागच्या चाकांना कसलाच पत्ता नसतो. मी आयुष्यभर सभा पाहिल्या आहेत. पुढे बसलेल्याला सगळं घट्ट वाटतं आणि मागे काही पोचत नाही, हा प्रकार मला नवा नाही. पण सभेत कुणी चाकाखाली येत नाही.

मी त्याला सांगितलं. तो हसला.

"ताई, तू भाषण कर. गाडीमधलं तुले काय समजस?"

"दांडा ओढ आणि गाडी ढकलून बघ," मी म्हटलं.

"दांडा हालस का? नाही ना? मंग?"

"दांडा हलत नाही आणि चाक थांबत नाही. ह्याला ब्रेक म्हणायचं?"

"पुस्तक वाचीसन बोली ऱ्हायनी ही," तो आईला म्हणाला.

आणि आई काय म्हणाली असेल? "जाऊ दे ना वं माय. वीट शे ना."

ही वीट फोटोत दिसत नाही. पुढे बसलेल्या आईच्या पायाजवळ एका पिशवीत ती असते आणि तिचं काम आईकडे आहे. सुरत सपाट, म्हणून बरेच दिवस तिची गरज पडली नाही. पण पुलाच्या चढावर थांबावं लागलं, पार्किंगचा चढ आला, की कुंदन पायाने ब्रेक दाबून बसतो, आई दार उघडून उतरते, मागे जाऊन चाकाला वीट लावते आणि म्हणते, "सोड." तेव्हा साहेब पाय उचलतात आणि आरशात केस नीट करतात. त्या गाडीला हँडब्रेक आहे, सोनाली. तिचं नाव उषाबाई. गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी चढत नाही, पण गाडीमागे वाकते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

गेल्या महिन्यात महिला मंडळात माझं भाषण होतं. विषय मीच दिला होता, घरातल्या बाईच्या न मोजलेल्या कष्टांचा. कुंदनने हौसेने आईला गाडीतून आणलं आणि हॉलच्या चढावर गाडी लावली. आई वीट घेऊन मागे गेली. त्याला वाटलं, दांडा घट्ट आहे, तेवढ्यापुरता पुरेल. तिने "सोड" म्हणायच्या आधीच त्याने पाय उचलला. चाक तिच्या पावलावरून गेलं आणि मग विटेला अडलं.

ती लंगडत आत आली. शेवटच्या रांगेत बसली. मी पूर्ण भाषण केलं, टाळ्या झाल्या, तिनेही वाजवल्या. लोक उठले तेव्हा मला तिची चेपलेली चप्पल आणि सुजलेलं पाऊल दिसलं. पावलाची दोन हाडं मोडली आहेत, प्लास्टर आहे. "सोनालीले सांगू नको, ती घाबरीसन आखाजीले यावाव नही," असं वचन तिने माझ्याकडून घेतलं होतं. मी ते मोडते आहे.

कारण आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या माहेरपणाला, तुला आणायला तो मुराळी म्हणून येतोय, त्याच गाडीतून, कोंडाईबारीच्या घाटातून. काल मी विचारलं, आता वीट कोण लावणार? तो म्हणाला, "सोनाली बसनार ना पुढे." इतकं सहज, जणू पाणी मागितलं. आणि आई खाटेवर पाय लांब करून तुझ्या जुन्या परकराच्या कापडात अर्धी वीट गुंडाळून शिवत होती. मला म्हणाली, तुझ्या कडेवर पोर असेल, तुला जड होईल, म्हणून हलकी शोधली. कापड यासाठी, की तुझ्या हाताला खरखर लागू नये.

मी सभांमधून हजारो बायकांना उठा म्हटलं आहे. काल मी आईच्या सुईत दोरा ओवून दिला.

माझं ऐकणं त्याला कमीपणाचं वाटतं. तुझं त्याला ऐकावंच लागेल, कारण आखाजीला बहिणीविना रिकामी गाडी घेऊन परतलेल्या मुराळ्याला ही गल्ली वर्षभर सोडणार नाही, आणि गल्लीपुढे त्याला जीवही स्वस्त वाटतो. म्हणून पत्र मिटलंस की लगेच त्याला फोन कर. स्पीकर राहू दे, सगळ्यांना ऐकू दे. म्हण, "केबल टोकाकडून काप, नवी घुंडी बसव, आणि हॉलच्या चढावर विटेशिवाय गाडी उभी करून तिच्यामागे तू स्वतः उभा राहा. ताई बघेल. ताई हो म्हणाली तरच मी गाडीत बसेन."

ती हलकी वीट मी आईजवळून काढून आणली आहे. ती तुझ्या हातात पडणार नाही.

तुझी ताई,
उज्ज्वला