हैदराबादी परवा

नल्लकुंटा, हैदराबाद

प्रिय युवराज,

प्रिय लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. मला राग आलाय, आणि फोनवर तो नीट काढता येत नाही. तू मध्येच ‘अक्का, मीटिंग आहे’ म्हणतोस. मराठी वाचायला तुला वेळ लागतो ना, लागू दे. सगळं वाच.

अप्पांना दवाखान्यात ठेवलं, त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, डॅलस किती लांब? मी फोनमध्ये बघून सांगितलं, चौदा हजार किलोमीटर, वाटेत एकदा विमान बदलायचं, चोवीस तास. बस डेपोत तीस वर्षं टाइमकीपर राहिलेला माणूस तो, एवढ्यावर थोडाच गप्प बसणार! गाडी मध्ये थांबते किती, चहापाण्याला किती, शमशाबादच्या विमानतळाहून नल्लकुंट्याला गर्दीत किती, सगळं धरून त्यांनी तीस तास केले. मग म्हणाले, एवढंच होय? मी आपला सात वर्षं समजत होतो, पोराला फार लांब पडतं. तू येत नव्हतास, आणि तुझा बाप दोष अंतराला देत होता.

मंगळवारी तुझा फोन आला, ‘परवा निघतो’ म्हणालास. आपल्या घरात परवा म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. हैदराबादी ‘परसों’ तो. अप्पा स्वतः वर्षापूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्याला ‘परसोंच तो आए थे’ म्हणायचे, आणि कोठी बाजारातला शिंपी ‘परसों देतूं’ म्हणाला की महिनाभर तिकडे फिरकायचे नाहीत. मला लगेच कळलं, तू काही निघत नाहीस. पण अप्पांनी तुझा परवा अगदी मराठी परवा धरला. गुरुवारी निघणार, शनिवारी सकाळी इथे. शनिवारी उठल्या उठल्या दाढी करा म्हणाले. माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, जावई असून त्यांची दाढी केली. मी तुला पाच फोन लावले. नालायका, एक तरी उचलायचास.

दुपारी त्यांना धाप लागली. डोळे मिटलेलेच होते. मी कानाशी वाकून खोटं बोलले, अप्पा, युवराज आलाय. प्रकाशने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो घट्ट धरला आणि विचारलं, “जेवलास का रे?” प्रकाश रडत रडत हो म्हणाला. तासाभरात अप्पा गेले. अग्नी मी दिला.

आज सकाळी तुझा मेसेज आला, तिकीट काढलंय, तेरवीला पोचतो. तो वाचूनच मी लिहायला बसले, आणि टपालाची वाट न बघता पानांचे फोटो पाठवतेय. तिकीट रद्द कर. तू आता दारात उभा राहिलास तर मी अप्पांशी खोटं बोलले, हे मला रोज आठवेल. येऊ नकोस, युवराज. अप्पांच्या लेखी तू शनिवारीच येऊन गेलास.

काही झालं तरी तुझीच,
त्रिवेणीअक्का