रणगाड्याला लावलेली कमळांची झालर

मी, मुतवल्ली शहाता, वय अडुसष्ट, तंबूवाला, राहणार तंबूवाल्यांची गल्ली, कैरो, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. बायको सबिहा हिचे मत वेगळे आहे. पण ते लग्नापासूनच वेगळे आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही, अगदी तिच्याही, दडपणाखाली करीत नाही.

१. मिळकतीचे दोन तृतीयांश शरियतप्रमाणे बायको-मुलांना जातील. त्यात माझी लुडबूड नाही. मोठी कात्री मात्र मुलगी नफीसाची. जावयाने त्या कात्रीने पुठ्ठा कापल्यास त्याला घरात घेऊ नये.

२. उरलेला तृतीयांश माझ्या मर्जीचा. तो म्हणजे माझे दुकान. ते समोरच्या दुकानातील बय्यूमी यास द्यावे. सबिहा, ओरडू नकोस, पुढे वाच.

३. सन १९४२. अलामीनच्या लढाईआधी दोस्त सैन्याने आमच्या गल्लीकडून कापडी खोळी शिवून घेतल्या. खोळ चढवली की जर्मन विमानाला वरून रणगाडा दिसू नये, मालाचा ट्रक दिसावा. बय्यूमी आणि मी तेव्हा भागीदार. लग्नाचे मंडप शिवून शिवून हाताला खोड लागलेली. एका खोळीला मी चहूबाजूंनी लाल-निळ्या कमळांची झालर लावून मोकळा झालो. ब्रिगेडियर प्रिंगल तपासणीला आले आणि बघतच राहिले. मग दुभाष्यामार्फत कडाडले, "हा ट्रक आहे की नवरीची डोली? कोणाचा हा उपद्व्याप?"

दुसऱ्या दिवशी माझे लग्न. मी खाली पडलेली सुई शोधू लागलो. बय्यूमी पुढे झाला. "माझा, साहेब. ह्याला तर सरळ टाकाही घालता येत नाही!"

तो अकरा दिवस लष्करी कोठडीत होता. मी सबिहाच्या हातचे भरलेले कबूतर खात होतो.

लढाई जिंकल्यावर ब्रिगेडियर इतके खूश झाले की ती खोळ आठवण म्हणून मागून नेली आणि बय्यूमीची पाठ थोपटली. गल्ली त्याला "कमळवाले उस्ताद" म्हणू लागली, आणि तोही बेटा नाही म्हणेना! माझा जळफळाट झाला. भर गल्लीत ओरडलो, "झालर माझी आहे!"

तो म्हणाला, "मग अकरा दिवस कुठे होतास, भाऊ?"

मी त्याच दिवशी भागीदारी मोडली आणि त्याच्याशी बोलणेच बंद केले. समोरासमोरच्या दुकानांत बसून छत्तीस वर्षे झाली.

४. तर लिहून देतो: झालर माझी, आणि कोठडीही माझ्याच वाट्याची होती. बय्यूमी, चुकलो. तू समोर दिसत असतानाही तुझी आठवण येते.

५. माझ्या मातमाचा मंडप बय्यूमीनेच उभारावा. दुसऱ्या कोणी उभारल्यास मी मरणार नाही.

६. हे तोंडाने सांगायचे धैर्य माझ्यात नाही. दुसऱ्या साक्षीची जागा रिकामी ठेवून नफीसाबरोबर कागद समोर बय्यूमीकडे पाठवत आहे. त्याने नुसता परत केला, तरी वाचला एवढे समजेल.

सही: मुतवल्ली शहाता
कैरो, १२ मार्च १९७९

साक्षीदार:

१. शेख अब्दुत्तव्वाब, कोपऱ्यावरच्या मशिदीचे इमाम. शेरा: ज्याला लाभ मिळतो त्याची साक्ष चालत नाही.

२. बय्यूमी गिरगिस. शेरा: साक्ष चालावी म्हणून कलम दोन माझ्या हाताने खोडले आहे. चहा टाक, दुकान बंद करून येतोच.